आमची तेलविहीर

अलास्कात कॅरिबूंच्या माळावर तेल काढायचं की नाही, यावर अमेरिकेत चाळीसेक वर्षं भांडण चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या आर्क्टिक अभयारण्यातल्या जमिनीचा सरकारने लिलाव पुकारला, तर एकाही कंपनीने बोली लावली नाही. मंडप घातला, वाजंत्री आली, नवरदेवच आला नाही. ही बातमी लातूरच्या चहाच्या टपरीवर एका ऊसवाल्या अप्पांना सांगितली. ते म्हणाले, "बरं झालं बगा, आपल्याकडं तेलबी न्हाई अन् जंगलबी न्हाई. कटकटच न्हाई."

जंगलाचं अप्पा खरं बोलले. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा भरत नाही. नांदेडची गोष्ट वेगळी. किनवट-माहूरकडे साग आहे, पैनगंगेचं अभयारण्य आहे. लातुरात मात्र झाड दाखवायचं तर पाहुण्याला वडवळ नागनाथच्या बेटावर न्यावं लागतं.

तेलाचंही अप्पा फारसं चुकले नाहीत. १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाल्यावर त्याचा माग काढायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला. खाली जेमतेम काही मीटर गाळाचा थर, आणि लगेच ग्रॅनाइटच्या भावकीतला जुना खडक. तेलाला गाळाचे जाड थर लागतात. इथे थर म्हणजे भाकरीवरचा पापुद्रा. तरीही सरकारदरबारी दख्खनचं पठार तेल-वायू शोधायच्या गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत आहेच. काळ्या पाषाणाखाली कुठेतरी काहीतरी दडलेलं असेल, ही आशा भूगर्भशास्त्रज्ञांनाही असते आणि पाणाड्यालाही. पाणाड्या निदान नारळ तळहातावर उभा करून दाखवतो.

तेल सापडलं असतं तर काय झालं असतं, याचा नमुना आसामात आहे. ११ मे २०२० रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्याने दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटाखाली सात ठिकाणी तेल-वायू काढायला ऑइल इंडियाला परवानगी दिली. विहीर उद्यानाबाहेर खणायची आणि आडव्या मार्गाने आत शिरायचं, म्हणजे वरच्या पाखरांना कळणारही नाही, अशी युक्ती. त्यानंतर सोळा दिवसांनी, २७ मे रोजी, त्याच उद्यानाला खेटून असलेल्या बाघजानची पाच नंबरची विहीर उसळली. ९ जूनला तिने पेट घेतला. आग विझवणारे दोन जवान गेले, मागुरी-मोटापुंग पाणथळीवर तेलाचा तवंग पसरला आणि विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. पाखरांना कळलं. डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती परवानगी स्थगित केली. आपल्याकडे शहाणपण येतं, फक्त त्याची गाडी लेट असते.

तर आपल्याकडे असलं काही नाही, असं अप्पांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुमच्या रानात बोअर किती?" अप्पा गप्प झाले आणि त्यांनी दुसरा चहा सांगितला.

ड्रिलिंगमध्ये मराठवाड्याचा हात धरणारा प्रांत मला तरी माहीत नाही. तमिळनाडूची नंबरप्लेट लावलेल्या बोअरच्या गाड्या उन्हाळ्यात लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर वरातीसारख्या फिरतात. फुटाचा भाव ठरतो, केसिंगचा वेगळा. रात्रभर भुकटी उडते. पाचशे फुटांवर फेल, शेजारी पुन्हा आठशे फूट, मग भावाच्या बांधावर हजार. किल्लारीत शास्त्रज्ञांना काळा पाषाण अकराशे फुटांवर संपलेला दिसला. आमचे शेतकरी त्याच्या तळाशी पोचायला आले आहेत आणि त्यांना कुणी पीएचडी देत नाही. २००९ चा राज्याचा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई करतो. कायदा छान आहे. बोअरवाल्याला तमिळ येतं, मराठी वाचता येत नाही, एवढाच काय तो दोष.

आणि एवढं खोल जाऊन काढायचं काय? पाणी. पाण्याचं काय करायचं? ऊस. उसाचं? पूर्वी साखर होती, आता त्यात इथेनॉल आलं. इथेनॉल कशाला? तर परदेशातून तेल कमी आणायला. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, म्हणून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. मुदत २०३० ची होती, ती ओढून २०२५ वर आणली आणि गाठलीही. सरकारी योजना वेळेआधी पुरी होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग, त्यामुळे टाळी वाजवायला माझी हरकत नाही.

पण नीती आयोगाने २०२१ साली जो इथेनॉलचा आराखडा काढला, त्यातच लिहिलंय की उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. (मक्याचा हिशेब वेगळा, आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यातून येतं, हेही मान्य. पण मांजरेच्या काठाला मक्याचे कारखाने दिसत नाहीत.) आता एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं, लातूर कोरडं, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर गर्दी, कॅमेरे, पुढारी, श्रेयाची हाणामारी. त्या पाच लाख लिटरचं इथेनॉल केलं असतं तर झालं असतं १७५ लिटर. दोनशे लिटरचं एक पिंपही भरलं नसतं. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावू लागली. तिची साडेचार पिंपंसुद्धा होत नाहीत. अख्ख्या शहराची तहान आणि सवाचार-साडेचार पिंपं.

म्हणून मी म्हणतो, तेलविहीर आमच्याकडेही आहे. तिला फक्त मोटार बसवलेली असते आणि तिच्यातून तेल दोन पायऱ्यांनंतर निघतं.

आता राहिलं वन्यजीवांचं. आपल्याकडे वन्यजीव म्हटलं की वाघ लागतो, तर वाघही घ्या. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरणा वाघ निघाला आणि पैनगंगा, नांदेड, हिंगोली असं करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ थेट धाराशिवजवळच्या येडशी रामलिंगला उगवला. चारशे किलोमीटरहून जास्त चाल. वाटेतला मुलूख कसा, तर ऊस, सोयाबीन, प्लॉटिंग. आणि पोचला तिथलं अभयारण्य केवढं, तर २२ चौरस किलोमीटर. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सह्याद्रीत हलवायचा घाट घातला, पण तो महिनोन्‌महिने हाती लागला नाही. मराठवाड्यात सरकारी माणसाला चुकवून कसं राहायचं, हे तो लवकर शिकला.

वाघाची बातमी होते. लांडगा, काळवीट, खोकड, तणमोर यांची होत नाही, कारण ते जंगलात राहत नाहीत, माळावर राहतात. आणि माळ म्हणजे आमच्या लेखी रिकामी जागा: पाणी आणलं की ऊस, रस्ता आणला की प्लॉट, काहीच नाही आणलं तर सोलरचं पत्र्याचं कुंपण. माळढोकाचं काय झालं ते शेजारच्या सोलापुरात पाहा. १९७९ मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळं कोंबलं. लोकांना बांधकामापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत अडचणी आल्या आणि त्यांचा राग रास्तच होता. २०१२ मध्ये ते १,२२२ वर आलं. हद्दीचा वाद मिटेस्तोवर पक्षी मिटत आला. आता एखादी मादी दिसली तर वर्तमानपत्रात फोटो येतो.

गंमत अशी की त्याच उत्तर सोलापूर तालुक्यात पाकणीला तेलाचे डेपो आहेत. मुंबईहून पुण्यामार्गे हिंदुस्तान पेट्रोलियमची ५०८ किलोमीटरची पाइपलाइन तिथे येऊन संपते आणि आपल्याकडे येणारे टँकर तिकडे भरतात. म्हणजे पाइपलाइन आणि माळढोक एका तालुक्यात! एखाद्या परदेशी संस्थेला हे कळलं तर ती लगेच पोस्टर छापेल. पण मी पाइपची बाजू घेतो. पाइप जमिनीखाली गेला, वर माती लोटली, गवत पुन्हा उगवलं. माळढोकाला पाइपने मारलं नाही. त्याला कालव्याने, कुंपणाने, विजेच्या तारांनी आणि उसाने हुसकावलं. तेलकंपनी निदान पर्यावरणाचा परवाना मागायला जाते, जनसुनावणी घेते, खोटी का होईना. ऊस लावायला कुठली सुनावणी? राज्याच्या सिंचनावरच्या चितळे आयोगाने १९९९ सालीच सांगून ठेवलंय की तुटीच्या खोऱ्यांत उसाचा हट्ट नको. आयोगाचा अहवाल जाडजूड आहे, तो कपाटात उभा राहतो, पडत नाही.

अप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरं काय लावू? सोयाबीनला भाव देता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्याकडे असायला पाहिजे ते गाळपाचा मुहूर्त काढण्यात गुंतलेले होते. अप्पा उठले, मोटारसायकलला किक मारली आणि पेट्रोल भरायला गेले.

त्या पंपावर, सगळ्याच पंपांवर असते तशी, एक पाटी आहे: हवा व पिण्याचे पाणी मोफत. एका लिटर पेट्रोलमध्ये दोनशे मिली इथेनॉल, आणि ते उसाचं धरलं तर ५७२ लिटर पाणी. पाटी अजिबात खोटी नाही.