अक्कलकोटचा गुरुवार

अहो, ऐकलंत का? या की जरा अशा कुंपणाशी. आपल्या विडी घरकुलातल्या कोपऱ्यावरच्या अव्वा... त्यांची नात हो, साखरपुडा झालेली! गुरुवारी होणाऱ्या नवऱ्याबरोबर अक्कलकोटला जाते म्हणाली. स्वामींचं दर्शन म्हटल्यावर अडवणार कोण? सकाळी गेली ती रात्री नऊला परत.

अव्वा ओट्यावर सूप घेऊन विड्या वळत होत्या. ओरडल्या नाहीत बरं. गोड आवाजात जावईबापूंना विचारलं, "स्वामींच्या वडाखाली गर्दी होती का ओ?" तो म्हणतो, "छे, निवांत दर्शन झालं." गुरुवारी! अक्कलकोटला! निवांत! बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं, तोंड एवढंसं झालं. मग पोरीनंच सांगून टाकलं, "सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्यावर बसलो होतो." म्हणजे अक्कलकोट एकीकडं आणि हे दुसरीकडं!

झालं, अव्वांना विषयच मिळाला. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकतीच झालीय ना. "कुंभारकन्येनं हट्ट धरला तरी सिद्धरामेश्वर ढळले नाहीत, योगदंडाशी लग्न लावून दिलं. जत्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता कशाच्या टाकतो आपण? आणि तुम्हाला माघातल्या लग्नापर्यंत दम निघेना?"

पोरगी काय म्हणाली असेल? "अव्वा, त्या गोष्टीत संयम पाळला तो पुरुषानं. कुंभारकन्येवर कुणी पाळत नाही ठेवली!" अव्वांची कात्री हातातच राहिली की ओ. वर आणि, "2010 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सज्ञान माणसं राजीखुशीनं लग्नाआधी एकत्र राहिली तरी गुन्हा नाही." पोरीच्या आईचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे तुम्ही...?" "काही नाही गं. मीच नको म्हटलं. देवाला घाबरून की तुम्हाला, ते मात्र विचारू नका."

तर काय सांगत होते... हां, खाला! पलीकडच्या खाला ऐकत होत्याच, त्या गप्प बसतील होय? म्हणाल्या, "कुराणात नजर खाली ठेवायचा हुकूम आधी मर्दांना आहे, बायकांचं त्याच्या पुढच्या आयतीत. पण आमच्यातबी सुरुवात पोरीपासनंच."

मला पटलं बाई. आपल्याकडं तरी काय? सोळा सोमवार पोरींना, हरतालिका पोरींना. पोरांना एक शनिवारचा मारुती, तोही परीक्षेपुरता. एवढा ब्रह्मचारी देव, पण त्याच्याकडून पोरं दंडच घेतात, बाकीचं देवळातच ठेवून येतात!

आणि खरी गंमत पुढंच. दुसऱ्या दिवशी अव्वांनी चष्मा चढवला, मोबाईल मागितला आणि थेट होणाऱ्या विहीणबाईंना फोन! "तुमचा मुलगा काल किती वाजता घरी आला ओ? विचारलंत का त्याला?" स्पीकरवर होता बरं का. तिकडून आधी आवाजच नाही, मग विहीणबाई म्हणाल्या... अगंबाई, पोरगीच येतेय इकडं. मेथीचा भाव विचारा, मेथीचा!