हाताखालचा माणूस अडाणी कसा ठेवावा : नवख्या अव्वल कारकुनांसाठी

अभिनंदन. बढतीचा आदेश हातात पडला, पेढे वाटून झाले, आता तहसील कार्यालयातल्या कोपऱ्यातले टेबल तुमचे. कागदोपत्री तुमच्या पदाला हल्ली सहायक महसूल अधिकारी म्हणतात. लोक अव्वल कारकूनच म्हणत राहतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटण्यासारखी गोष्ट समोरच्या टेबलावर आहे. तिथे एक नवा महसूल सहायक रुजू झालाय. परीक्षा देऊन आलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हा उद्या काम शिकला, तर तुम्हाला कोण विचारणार?

लागणारे साहित्य फार नाही. एक लोखंडी कपाट, किल्ली एकच आणि ती तुमच्या खिशात. एक डायरी; कुठला शासन निर्णय कुठे लागतो ते तिच्यात फक्त तुम्हालाच लागेल अशा अक्षरात टिपलेले असावे. आणि एक वाक्य : ‘ठेव तिथे, मी बघतो.’

सुरुवातीला पोराला बारनिशीला बसवा. आलेले टपाल नोंदव, शिक्का मार, क्रमांक टाक. वर ‘आधी कागद ओळखायला शीक’ असे म्हणावे, म्हणजे त्यालाही शिकवणी चालू झाल्यासारखे वाटते. सहा महिने तो फक्त लिफाफे ओळखेल.

पुढे कधीतरी साहेब विचारतील, ‘त्याला अजून टेबल का दिलं नाही?’ मग मात्र द्यावे लागते, आणि खरे कौशल्य इथे सुरू होते. तो टिपणी लिहून आणेल. तिच्यात चूक असणारच. समजा, वारसनोंदीवर हरकत आल्याचे प्रकरण आहे. पोराने सुनावणीचा गोषवारा झकास लिहिलाय, कलमे टाकलीत, निष्कर्षही बरोबर आहे. पण चार वारसांपैकी मुंबईला असलेल्या बहिणीला नोटीस बजावल्याची पोच फायलीत नाही. तुम्हाला ते पहिल्या नजरेतच दिसले, कारण वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तुम्हाला शेजारी बसवून सांगितले होते, ‘आधी पोच बघायची, मग मजकूर वाचायचा.’ सांगायला अर्धा मिनिट लागला होता. तुम्ही तो अर्धा मिनिट वाचवा. समासात लाल शाईने ‘चर्चा करावी’ एवढेच लिहा आणि तो चर्चेला आला की चहाला जा. संध्याकाळी सहा वाजता, तो घरी गेल्यावर, सगळी टिपणी स्वतः नव्याने लिहून काढा. दुसऱ्या दिवशी त्याला कळले पाहिजे की आपले चुकले. काय चुकले ते कळता कामा नये.

कधी तुमचीही नजर चुकते आणि टिपणी तशीच पुढे जाते. आदेश होतो, बहीण अपिलात जाते, प्रांताधिकारी तिला ऐकून घेतले नाही म्हणून आदेश रद्द करून प्रकरण फेरचौकशीला परत पाठवतात. वर्ष-दीड वर्षाने तोच म्हातारा खातेदार, तीच कापडी पिशवी घेऊन तुमच्या टेबलासमोर उभा. त्याला म्हणा, ‘काय करणार काका, नवीन पोरांना काही येत नाही.’ हे वाक्य शंभर टक्के खरे असते, म्हणून ते म्हणताना आवाजात दम येतो.

श्रेयाबद्दल जास्त सांगायला नको. साहेबांच्या केबिनमध्ये फाइल घेऊन तुम्ही जा, त्याला दाराबाहेर उभा करा. साहेब चिडले की मग आत बोलवा.

आता एका वाईट उदाहरणापासून सावध करतो. जुन्या मुंबई इलाख्यात अँडरसन नावाचा एक इंग्रज अधिकारी होऊन गेला. गाव, तालुका, जिल्ह्याचे महसुली हिशेब कसे ठेवावेत हे या गृहस्थाने चक्क लिहून, छापून टाकले. साहेब गेला, त्याचे राज्यही गेले, पण दप्तर तपासणीत अजून त्याचे नाव निघते. फायलींचे सहा गठ्ठे करायची आपली पद्धतही त्याच परंपरेतली : आज करायची प्रकरणे, वाट पाहण्याची, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. गठ्ठे नीट लावले तर परका माणूससुद्धा टेबलावर बसून दहा मिनिटांत काम सुरू करू शकतो. म्हणजे बघा, किती धोका! तुम्ही सातवा गठ्ठा ठेवा, तो डोक्यात. (तपासणीला कोणी आलेच तर पहिल्या सहांना नव्या नाड्या बांधाव्यात, तपासणारे बहुधा नाड्याच बघतात.)

या पद्धतीचे काही किरकोळ परिणाम आहेत. रजा मिळत नाही. मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना फोन येतो, ‘भाऊसाहेब, कपाटाची किल्ली?’ अशा वेळी मोठ्याने बोलावे. आपल्यावाचून तालुका अडतो हे वऱ्हाडालाही कळू दे. शिवाय २००५चा बदल्यांचा कायदा आहे. तीन-तीन वर्षांच्या हिशेबाने कधी ना कधी तुम्हाला उचलतात. डायरी सोबत न्यायला विसरू नका. मागच्या कार्यालयात महिनाभर गोंधळ झाल्याची बातमी आली की समजावे, आपले काम चोख झाले.

असे करत ५८ पूर्ण होतात. शाल, श्रीफळ, ‘आमचे मार्गदर्शक’ असे शब्द असलेली दोन भाषणे. मग निवृत्तिवेतनाचे प्रकरण. सेवापुस्तक अद्ययावत हवे, वेतनपडताळणी झालेली हवी, मग कागद महालेखापालांकडे. आस्थापनेच्या टेबलावर आता कोण बसतो, ते तुमच्या लक्षात आलेच असेल. पोटाला थोडा सुटलाय, पेनं अजून दोनच. तो उठून उभा राहील, खुर्ची देईल, चहा सांगेल. तुमचे सेवापुस्तक उलटसुलट करून पाहील आणि अगदी मनापासून म्हणेल,

‘भाऊसाहेब, ही पडताळणी कशी करायची हो? आम्हाला कुणी दाखवलंच नाही.’