अध्यक्षांच्या परवानगीने

भाऊंच्या शबनममध्ये चिवड्याचा एक डबा असतो. त्यात चिवडा कधीच नसतो, शिक्के असतात. वाचनालयाचा, पाणीवापर संस्थेचा, दुर्गोत्सव मंडळाचा, सेवानिवृत्तांच्या संघाचा, मोक्षधाम सुधारणाऱ्या समितीचा, 'शकुंतला ब्रॉडगेज करा' म्हणणाऱ्या कृती समितीचा आणि 'शकुंतलेचा जुना पूल जतन करा' म्हणणाऱ्या संस्थेचा. सगळे एकाच मापाचे, कारण एकदम करून घेतले की दुकानदार सूट देतो. तोटा एवढाच, की चष्मा घरी राहिला तर हाताला लागेल तो शिक्का उमटतो. पुलाच्या डागडुजीचं एक निवेदन असंच मोक्षधामाच्या शिक्क्यानिशी गेलं. वरून उत्तर आलं, त्याचा विषय होता 'अंत्यविधीसाठी शेड उभारणेबाबत'. भाऊ डगमगले नाहीत. ते पत्र त्यांनी मोक्षधामाच्या फायलीला लावलं आणि पाठपुरावा करून शेड पदरात पाडून घेतली.

हे सगळं घडतं ते गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अंगाला आहे. नाव लिहीत नाही. पुलाच्या संस्थेचे तीन सभासद माहितीचा अधिकार वापरण्यात तरबेज आहेत. भाऊ पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, पोराकडे पुण्याला जातात. भाऊ धर्मादाय कार्यालयात गेले.

आता पुलाविषयी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि तिथून पुढे अचलपूर, अशी ही अडीच फुटी रुळांची शकुंतला. १९१० साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. त्या कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, मोठ्या गाडीत भरायचा, मुंबईला न्यायचा आणि तिथून बोटीने मँचेस्टरला. १९२१ साली मँचेस्टरमध्येच बांधलेलं वाफेचं इंजिन पुढे या रुळांवर आलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन लागेपर्यंत दमलं नाही. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. सरकार फक्त चालवायचं. गाडीचा गार्डच तिकिटं द्यायचा, उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. एका माणसाने किती पदं भूषवावीत याचा भाऊंवरचा संस्कार मला तिथलाच वाटतो.

आता गाडी धावत नाही. आमच्याकडचा पूल मात्र उभा आहे. काळ्या दगडाचे खांब, वर लोखंडी गर्डर, सांध्यांत चुना. शंभरी केव्हाच ओलांडली आहे. रूळ कुठे गवतात गेले, कुठे कबाडात. भाऊंनी ठरवलं, पूल वाचवायचा. आणि पूल वाचवायचा म्हणजे आधी संस्था काढायची.

संस्था नोंदणीचा कायदा १८६०चा. म्हणजे तो त्या मँचेस्टरच्या इंजिनाहूनही म्हातारा, आणि अजून धावतोय. त्याला सात माणसं लागतात. पुलावर प्रेम करणारी माणसं गावात शेकड्यांनी होती, पण आधार कार्डाची झेरॉक्स देणारी सात मिळेनात. अखेर भाऊ अध्यक्ष, त्यांचा साळा सचिव, भाचा सभासद, शेजारचे डॉक्टर उपाध्यक्ष (त्यांना हे पुढे दोन वर्षांनी कळलं), कृषी केंद्रवाले सभासद, मी सहसचिव आणि वहिनी कोषाध्यक्ष. घरच्याच बाईला कोषाध्यक्ष केल्याबद्दल कुणी कुजबुजलं तेव्हा भाऊ म्हणाले, "अरे, घरातबी चावी तिच्याचजवळ हाये. मी फक्त कागदावर आनलं." वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "चावी हाये, पन कुलपात काय हाये ते विचारा ना यायले."

सभेची नोटीस भाऊ स्वतः लिहितात आणि ती वाचण्यासारखी असते. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय शेवटचा, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधले विषय बदलतात. हे दोन पुलाच्या दोन टोकांसारखे पक्के. खाली ठळक टीप, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. आमची प्रत्येक सभा तहकूब झालेलीच असते. चारला भाऊ एकटे सतरंजीवर बसतात, घड्याळ बघतात, रीतसर सभा तहकूब करतात आणि बाहेर जाऊन आलुबोंडा खातात. साडेचारला परत येऊन सभा सुरू करतात. तोवर कढईच्या वासाने आम्ही तिघं-चौघं जमलेले असतो. सूचक मी, अनुमोदक भाचा, ठराव सर्वानुमते मंजूर. गेल्या खेपेला भाचा नव्हता, तेव्हा सूचक मी आणि अनुमोदकही मीच. साळा म्हणाला, "असं चालत नाई भाऊ." भाऊ म्हणाले, "अध्यक्षाच्या परवानगीनं चालते."

खरी गंमत दोन शिक्क्यांची आहे. एका संस्थेचे अध्यक्ष म्हणून भाऊंची मागणी आहे की हा पूल जसाच्या तसा जतन करावा, एक दगड हलवू नये. दुसऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांची मागणी आहे की याच मार्गावर तातडीने ब्रॉडगेज टाकावं. २०२४च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, यवतमाळकडे येणाऱ्या मोठ्या लाइनीचा पहिला तुकडा दिसला, तेव्हापासून भाऊंच्या दुसऱ्या शिक्क्याला फार जोर चढला आहे. आता अडीच फुटी गाडीसाठी बांधलेल्या खांबांवर साडेपाच फुटी रूळ बसत नाहीत, हे पाचवीतलं पोरही सांगेल. ब्रॉडगेज आली तर पूल जाणार. पूल राहिला तर ब्रॉडगेजने दुसरीकडून जावं लागणार. हे मी एकदा भीतभीत बोललो.

"तू मास्तरासारखा विचार करते," भाऊ म्हणाले. "मागनी करतानी दोन्ही करा लागते. सरकार एक तर देत नाईच, देलं तर अर्धं देते. दोन मागनीचं अर्धं म्हनजे एक झालं का नाई?"

या गणितात चूक काढता येते, पण भाऊंसमोर काढता येत नाही. दोन्ही निवेदनं एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याकडे, एकाच सहीने गेली. त्याने दोन्ही एकत्र टाचून परत पाठवली आणि विचारलं, अर्जदाराचे नेमके म्हणणे काय? भाऊंनी उलट टपाली कळवलं, की दोन्ही अर्जदार भिन्न कायदेशीर व्यक्ती असून त्यांचे म्हणणे परस्परांशी जोडू नये.

वारशाच्या बाबतीत भाऊ कुणालाही ऐकत नाहीत. दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारसा केलं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी लगेच रुळांची रुंदी काढली. दार्जिलिंगची दोन फूट, आपली अडीच. तेव्हापासून प्रत्येक भाषणात ते सांगतात, की आपला वारसा दार्जिलिंगहून सहा इंच जास्त आहे.

मग लंडनच्या पत्राचं प्रकरण. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८चा पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्या धक्क्यात राज्यभर जुने पूल तपासायचे आदेश निघाले, आणि त्याच धक्क्यात घरोघरच्या मोबाइलवर ती जुनी कथा फिरू लागली: इंग्रजांनी बांधलेल्या पुलाची मुदत संपली की लंडनहून तसं पत्र येतं. भाऊंनी ती वाचली आणि सरळ पोस्टात गेले. पूल शंभरीचा, म्हणजे पत्र येऊन पडलेलं असणार. पोस्टमनने पिशवी उलटी करून दाखवली. विम्याच्या नोटिसा निघाल्या, एक लग्नपत्रिका निघाली, लंडन निघालं नाही. "मंग अजून मुदत हाये," भाऊ म्हणाले आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं. जिच्याकडून पत्र यायचं ती किलिक निक्सन केव्हाच देशी मालकांच्या हाती गेली होती, हे मी सांगणार होतो. पण आनंदात असलेल्या अध्यक्षाला अडवू नये.

हसण्यावारी नेऊ नये असाही एक भाऊ आहे. जून २०२५मध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीने कोसळला, माणसं गेली. त्याच आठवड्यात भाऊंनी आपल्या पुलाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या घातल्या. फोटो काढायला येणाऱ्या पोरांनी शिव्या दिल्या, पर्यटन वाढवा म्हणणाऱ्यांनी तोंड फिरवलं. ठराव न करता, शिक्का न मारता भाऊंनी केलेलं माझ्या आठवणीतलं हे एकमेव काम.

हसण्यावारी न नेण्यासारखं दुसरं काम चुन्याचं. एका पुढाऱ्याने निधी देऊ केला होता: सिमेंटने खांब लिंपायचे, वर पिवळा ऑइलपेंट, त्यावर पुढाऱ्याचा फोटो. संस्था विरघळली. भाऊ एकटे अडून बसले. चुन्याच्या बांधकामावर कडक सिमेंट थापलं की आत मुरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही आणि शेवटी दगडच फुटतो, हे त्यांना एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं होतं. ते खरंच आहे. त्याच गवंड्याकडून मग चुना मळून घेतला: भिजवलेला चुना, वाळू, गूळ, हिरड्याचं आणि बेलफळाचं पाणी. एका खांबाचे पोहोचता येतील तेवढे सांधे भरून झाले, आणि मग आला ऑडिटर. गुळाचं बिल हातात धरून त्याने विचारलं, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली? पुलाच्या दुरुस्तीत गूळ कसा? कोषाध्यक्ष या नात्याने वहिनींनी शपथेवर सांगितलं, की गूळ घरात आलेला नाही, आम्ही साखरेचा चहा पितो. शेवटी तो 'अल्पोपहार' शीर्षाखाली बसवला. आज कुणी संस्थेचे हिशेब पाहिले तर त्याला वाटेल, सात माणसांनी एका हंगामात अर्धं पोतं गूळ खाल्ला.

पिंपळाचं तर विचारू नका. दगडांच्या फटीत पिंपळ उगवतो. नुसता छाटला तर मुळं आतून फुगतात आणि खांब उलतो, म्हणून मुळासकट काढावा लागतो. पण पिंपळ उपटायला गावात कुणी तयार होईना, वहिनी तर मुळीच नाही. भाऊंनी डबा उघडला. पुलावरची रोपं अलगद काढून मोक्षधामात लावली. पुलाच्या संस्थेच्या अहवालात त्याचं नाव 'हानिकारक वनस्पती निर्मूलन', मोक्षधामाच्या अहवालात 'वृक्षारोपण'. फोटो एकच. दोन्हींत भाऊ आहेत, फक्त टोपी बदललेली.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत संस्थेने केलं काय? माझं मत असं की पूल चुन्याने टिकला तेवढाच फायलीने टिकला. गर्डरचं लोखंड भंगारात काढायची बोलणी दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी कपाट उघडलं, भाऊंची पत्रं बाहेर पडली आणि कपाट पुन्हा बंद झालं. ज्या वस्तूवर एवढा पत्रव्यवहार चालू आहे तिला हात लावायची छाती कुठल्याही साहेबात नसते. प्रकरण विचाराधीन आहे, आणि विचाराधीन वस्तू आपल्या देशात सहसा पडत नाही.

पूल नेमका कोणाचा, हे विचारायला भाऊंनी शेवटचं मोठं निवेदन पाठवलं. पहिल्या कार्यालयाने कळवलं, नदी आमची, पूल नाही. दुसऱ्याने कळवलं, पूल असेल, आमच्या यादीत नाही. तिसऱ्याने नकाशा काढला, आणि कुणा अभ्यासू कारकुनाच्या लक्षात आलं की पुलाखालून पाणीवापर संस्थेचा पाट जातो. निवेदन खाली आलं: अध्यक्ष, पाणीवापर संस्था, यांनी आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.

भाऊंनी ते पत्र आवक रजिस्टरला चढवलं, चष्मा लावला, योग्य तो शिक्का शोधला आणि स्वतःला उत्तर लिहिलं: आपले निवेदन प्राप्त झाले, विषय तपासून पाहण्यात येत आहे. मग दुसरी फाइल उघडून ते आवक करून घेतलं. दोन्ही बाजू आदराने बोलल्या. पण महिना उलटला तरी पुढे काही हललं नाही, तेव्हा अर्जदार म्हणून भाऊ खवळले. अशा बेजबाबदार संस्थांमुळेच वारसा बुडतो, असं त्यांनी स्मरणपत्रात स्वतःलाच सुनावलं. खाली प्रतिलिपी होती, 'सहसचिव यांना योग्य त्या कार्यवाहीस्तव', आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं: "उद्या येताना चुन्याच्या दोन गोन्या घेऊन ये. गुळाचं बिल मांगू नको."