मागे वळा, फोटो काढायचाय

माझी तक्रार देवीबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण छापायला देण्याआधी हा लेख आमच्या सौ. वाचणार आहेत. दत्तगुरूंबद्दल नाही, माहूरच्या डोंगराबद्दल नाही, नऊ किलोमीटर चालण्याबद्दल तर मुळीच नाही. माझी तक्रार शिट्टीबद्दल आहे. शिट्टीपाठोपाठ आणखी काही बारीकसारीक गोष्टी आठवल्या, त्याही आता लिहूनच टाकतो.

प्रकरण सुरू झालं साडूंमुळे. साडू नांदेडचे, मी लातूरचा. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ साली पेटला, तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फक्त पाऊस आणि सोयाबीनचा भाव या दोनच विषयांवर बोलतो. अशा माणसाचा आपणहून फोन येतो आणि तो म्हणतो, "माहूरला ऐतिहासिक तीर्थमार्गावर एक दिवसाचं पदभ्रमण आहे, सोबत गाइड असतो, तुमची दोघांची नावं देऊन टाकलीत," तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. माणशी बाराशे रुपये. नावं त्यांनी दिली होती, पैसे मी द्यायचे होते.

लातूरहून नांदेड, तिथून भोकर, किनवट करत माहूर. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या वर. म्हणजे नऊ किलोमीटर चालण्यासाठी पाचशे किलोमीटर बसायचं. हा हिशेब मी बसमध्ये मोठ्याने मांडला, तर पुढच्या सीटवरून उत्तर आलं, "काका, प्रवासात निगेटिव्ह बोलायचं नाही, नियमावलीत आहे." नियमावली खरोखरच होती. व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा कलमं. चौथं कलम 'तक्रारी टाळाव्यात' असं होतं.

माहूरच्या वाटेवर तक्रारी टाळाव्यात! ज्या गडाची अख्खी कथाच तक्रारीतून सुरू होते, तिथे. रेणुकामातेला पाणी घेऊन यायला उशीर झाला, जमदग्नी कोपले आणि पुढचं सगळं घडलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाण्याला उशीर झाला म्हणून! आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी कधी दहा दिवसांनी येतं. तो न्याय लावला असता तर लातुरात कुणाच्याच खांद्यावर डोकं उरलं नसतं.

सकाळी सात वाजता मातृतीर्थ तलावाजवळ सगळ्यांना गोल उभं केलं. आमचा म्होरक्या चोवीस-पंचवीस वर्षांचा, गळ्यात शिट्टी, गालाशी छोटा माइक, कमरेला स्पीकर. शेजारचा माणूस हात लांब करून गाठता येईल इतका गोल होता, तरी स्पीकर. सर्वांना भगवे टीशर्ट वाटले. मी एक्सेल लिहिलं होतं, मिळाला मीडियम. तो अंगात चढवल्यावर मी त्या दिवशी पूर्ण श्वास एकदाही घेतला नाही. मग 'ओळख'. आपलं नाव सांगायचं आणि नावासोबत एक विशेषण. कुणी 'उत्साही' झालं, कुणी 'आनंदी'. सौ. 'समाधानी' म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "लातूरचा." म्होरक्या म्हणाला, "काका, हे विशेषण नाही." मुलगा लातूरला कधी राहिलेला नसावा.

आता शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. तीन म्हणजे मागे वळा, फोटो काढायचाय.

ही तिसरी गोष्ट माहूरला करावी याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्यात आईला घेऊन रान तुडवलं, तो माहूरला आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून इथे अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली, मुलगा शोक करत राहिला. तेव्हा आकाशवाणी झाली की आई तुला भेटायला जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. परशुरामाला धीर निघाला नाही, त्याने वळून पाहिलं, आणि तोवर आईचं फक्त मुख वर आलं होतं. म्हणून गडावर देवीचं मुखच आहे, शेंदराने माखलेलं. साडेतीन पीठांतल्या एका पूर्ण पीठाची ही कथा. तिचं सार शाळेतल्या पोरालाही सांगता येईल: माहूरला मागे वळायचं नाही. आम्हाला त्या दिवशी बावीस वेळा मागे वळवलं. मी मोजलं. मोजायलाही बंदी असावी, पण सतरा कलमांत ती कुठे सापडली नाही.

आणि 'ऐतिहासिक तीर्थमार्ग' म्हणाल तर तो आहेच. इथे येणारा प्रत्येक मोठा माणूस चालतच आला. दासोपंत बेदरच्या संकटातून सुटले आणि नांदेडवरून चालत माहूरला पोचले, बारा वर्षं इथे तप करत राहिले. महानुभावांच्या परंपरेत चांगदेव राऊळ फलटणहून आले. मेरुवाळ्यावर स्नान करून डोंगर चढायला लागले, तर दत्तात्रेय वाघाच्या रूपात आडवे आले आणि त्यांनी डोक्यावर पंजा ठेवला. साताऱ्याकडचे विष्णुदास आले आणि देवीची पदं रचत इथलेच झाले. यांपैकी कुणालाही 'कमॉन, शेवटचे पाचशे मीटर!' असं कुणी ओरडून सांगितल्याची नोंद नाही.

खरी परिक्रमा राखी पौर्णिमेला असते. पावसात, चिखलात, काट्याकुट्यातून माणसं गडाला वेढा घालतात, आणि ती कुणी आयोजित केलेली नसतात. आमची होती डिसेंबरातली, म्हणजे त्या परिक्रमेचा ट्रेलर, तोही बराचसा डांबरी रस्त्यावरून. मागून जीपगाड्या हॉर्न देत यायच्या, आम्ही शिट्टीच्या हुकमाने कडेला एका रांगेत उभे राहायचो, जीपमधले भाविक आमच्याकडे दयेने पाहायचे. एका जीपमधून एक बाबा ओरडले, "बसा की, दोन जागा हायेत!" सौ. एक पाऊल पुढे सरकल्याही होत्या.

दर अर्ध्या तासाला 'हायड्रेशन ब्रेक' असे. म्हणजे एक शिट्टी, एक दोनशे मिलीची बाटली, आणि तहान नसताना पाणी कसं प्यावं यावर दोन मिनिटं भाषण. हे भाषण लातूरकराला! २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेने पाणी आलं होतं. पन्नास वाघिणींची 'जलदूत', एका खेपेला पंचवीस लाख लिटर. त्या पाण्यावर कपडे धुतले, ते पाणी फरशीला वापरलं आणि त्याच पाण्याने कुंडीतली तुळस जगवली, अशी आम्ही माणसं. मी बाटली अर्धी पिऊन खिशात ठेवली, तर म्होरक्या म्हणाला, "काका, संपवून टाका, पुढे दुसरी मिळणार आहे." पुढे दुसरी मिळणार आहे म्हणून हातातलं पाणी संपवायचं, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

वाघीण म्हटलं की लातूरकराला आता मालगाडीच आठवते. पण माहूरची वाघीण निराळी, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार तिच्यासंबंधी आहे. रामगड दिसू लागला तेव्हा म्होरक्याने हातातलं कार्ड पाहून सांगितलं, "हा किल्ला खूप जुना आहे." आणि दोन शिट्ट्या दिल्या. बस? माहूरची देशमुखीण सावित्रीबाई, उदाराम देशमुखांच्या घराण्यातली सून, मोगलांकडून लढणारी. पराक्रमासाठी तिला 'रायबागन', म्हणजे राजवाघीण, हा किताब मिळालेला. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखान शिवाजी महाराजांच्या कचाट्यात सापडला, तेव्हा सोबत हीच होती. खानाला तिने सुनावलं की या रानात शिरलास हीच चूक, आता शरण जा. खान निमूट शरण गेला. आमचा म्होरक्या जन्मला त्याच्या सव्वातीनशे वर्षांहून आधी माहूरच्या एका बाईने चुकीच्या वाटेने नेणाऱ्या म्होरक्याला तोंडावर सांगितलं होतं, आणि तिचं नाव कार्डावर नव्हतं. मी हात वर केला. म्होरक्या म्हणाला, "प्रश्न शेवटी, काका." सौ. हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या." मी निमूट गेलो.

दत्तशिखराच्या चढावर एक मावशी भेटल्या. हदगावकडच्या होत्या, नातवाला घेऊन पायीच वर निघालेल्या, हातात चपला. त्या जे बोलत होत्या ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. दगड टोचतात. नातू ऐकत नाही. गेल्या साली पानविडा एवढा महाग नव्हता. सुनेने भाकरी जाड थापली. धाकट्याला मुलगी सांगून येत नाही, देवीला तिसऱ्यांदा सांगायला चालले, पण ती तरी किती जणांचं ऐकल. एका दमात एवढं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी काहून गप हाव? पाय दुखत नाईत का?" मी म्हटलं, दुखतात. "मंग बोला की," त्या म्हणाल्या. पुढचा अर्धा किलोमीटर आम्ही दोघं आळीपाळीने बोललो. मी टीशर्टपासून सुरुवात केली. शिट्टीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "अन् हे चालायचे पैशे दिले तुमी?" किती ते मी सांगितलं नाही. इतकी जुनी ओळख नव्हती. तेवढ्यात तीन शिट्ट्या झाल्या. मी वळलो, फोटो झाला, पुन्हा पाहतो तर मावशी वळणाआड गेलेल्या.

दुपारच्या जेवणाबद्दल थोडक्यात. ज्वारीची भाकरी होती, तिला 'मिलेट ब्रेड' म्हटलं होतं, आणि ती कशी खायची याचं प्रात्यक्षिक होतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होऊन गेलं तेव्हापासून आमच्या ताटातली भाकरी आम्हालाच परत सांगायला लोक येतात. ठेचा 'ऐच्छिक' होता.

दर्शन मात्र झालं, ते शिट्टीविना. उतरताना तांबुलाच्या दुकानापाशी थांबलो. देवीला विडा लागतो, आणि इथे विडा नुसता मोडून देत नाहीत, कुटून देतात. एक म्हातारबाबा लोखंडी खलबत्त्यात पानं घालत होते. आधी हिरवी लिबलिबी, मग कात पडला की वीटकरी, बडीशेप आणि खोबरं पडलं की वास बदलायचा. बत्ता एका लयीत पडत होता, बाबांचं लक्ष रस्त्याकडे. मधेच थांबून त्यांनी चिमूटभर गोळा बोटांत दाबून पाहिला, नाक मुरडलं, दोन पानं आणखी टाकली. द्रोणात गोळा ठेवून माझ्या हातात दिला. तोंडात घातला आणि म्होरक्याचा स्पीकर बोलू लागला, "फ्रेंड्स, बाहेरचं काही खाऊ नका, आयोजक जबाबदार नाहीत." त्यांनी एवढी एकच जबाबदारी नाकारली, आणि नेमकी तीच गोष्ट दिवसभरात सर्वांत चांगली निघाली.

शेवटच्या सत्रात म्होरक्याने आवर्जून सांगितलं की आपण आज सहा तासांत नऊ किलोमीटर चाललो, टाळ्या. दत्तगुरू काशीला स्नान करून, कोल्हापूरचं काम उरकून रोज माहूरला हजर असतात असं सांगतात. माहूरला ते भिक्षेला येतात की झोपायला, यावर जाणत्यांत दोन मतं आहेत. म्होरक्याला विचारलं तर तो म्हणाला, "दोन्ही, काका." हे उत्तर मला पटलं. नऊ किलोमीटरनंतर मलाही दोन्ही हवं होतं.

मग अभिप्रायाचा फॉर्म. पाच चेहरे छापलेले, सगळे हसरे. सर्वांत कमी हसणारा चेहरासुद्धा आमच्या घरी लग्नात दिसणार नाही इतका खूश होता. खाली 'सूचना' म्हणून दोन इंचांची रेघ. दासोपंतांना सांगण्यासारखं होतं, तर त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. ती पासोडी अंबाजोगाईला आहे, लातूरपासून फार लांब नाही. मी पुरवणी मागितली. पुरवणी नव्हती. दोन इंचांत मी 'रायबागन' एवढाच शब्द लिहिला. फॉर्म गोळा करताना म्होरक्याने तो वाचला आणि विचारलं, "काका, हे तुमचं आडनाव का?"

परतीच्या बसमध्ये प्रमाणपत्रं वाटली. जाड कागद, सोनेरी कडा, खाली सही. 'तीर्थपथिक' म्हणून माझं नाव, तेही बरोबर लिहिलेलं. नावापुढे मोठ्या अक्षरांत छापलं होतं: जिल्हा नांदेड.

साडू म्हणाले, "द्या इकडं, फ्रेम करून पाठवतो."