लाइट गेले होते का?

रात्री साडेआठला समोरच्या फ्लॅटमध्ये अंधार दिसला म्हणून सोसायटीचा नवा वॉचमन एकदा इलेक्ट्रिशियनला घेऊन वर आला होता. जुन्या वॉचमनने त्याला जिन्यातच अडवलं. म्हणाला, "चल खाली. नानांचं चित्र चालू आहे."

नाना बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि तैलरंगांची पेटी दिली. शाल काकू वापरतात, नारळाच्या वड्या झाल्या. पेटीचं मात्र अजून चालू आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट पास झालेले, जे. जे.ला जायची स्वप्नं बघणारे आणि वडिलांच्या एका नजरेत कॉमर्सला गेलेले असे पुष्कळ लोक महाराष्ट्रात आहेत. साठीनंतर त्यांच्या हाताला खाज सुटते. काही जण वारली काढतात, काही जण नातेवाइकांची पोर्ट्रेटं करून नाती गमावतात. नानांनी मेणबत्तीच्या उजेडातलं स्टिल लाइफ धरलं, तेही तेलात.

मांडणी जेवणाच्या टेबलावर असते, त्यामुळे त्या घरात गेली दोन वर्षं लोक मांडीवर ताट घेऊन जेवतात. मागे काकूंची पैठणी. पुढे पितळी तांब्या, अडकित्ता, फोडलेलं डाळिंब आणि अर्धवट सोललेलं लिंबू. डच चित्रकार लिंबाची साल अशीच लोंबती ठेवायचे, असं नाना सांगतात. लिंबू दोन दिवसांत सुकतं, मग नवं येतं. डाळिंबाचे दाणे नातू येताजाता उचलतो, त्यामुळे चित्रातलं डाळिंब आठवड्याआठवड्याने रिकामं होत गेलं आहे. काकूंनी एकदाच विचारलं, "त्या डच लोकांच्या बायका पोह्यांवर काय पिळत होत्या हो?" नानांनी उत्तर दिलं नाही. ते कलावंत आहेत.

खरा वैताग मेणबत्तीचा. ती जळते म्हणजे खाली उतरते, ज्योत खाली आली की सावल्या लांबतात. साडेआठची तांब्याची सावली दहा वाजता टेबलाच्या कडेला पोचलेली असते. नानांनी यावर बँकिंग क्षेत्रातला उपाय काढला. बँकेने दरवर्षी दिलेल्या डायऱ्या ते जपून ठेवत आले आहेत. मेणबत्ती डायरीभर उतरली की खाली एक डायरी सरकवायची. ज्योत फडफडू नये म्हणून पंखा बंद. मे महिन्यात नाना बनियनवर चित्र काढतात आणि त्यांच्याकडे बघून कुणाला वाटावं की भट्टीवर काम चाललं आहे.

पहिलं चित्र रात्री साडेअकराला पुरं झालं. नानांनी आम्हा दोघांना झोपेतून उठवून नेलं. खरंच सुंदर होतं; तांब्या सोन्यासारखा चमकत होता. सकाळी दारं-खिडक्या उघडल्या आणि चित्रातली मेणबत्ती विझली. त्याचं असं होतं, की मेणबत्तीचा उजेड मुळातच पिवळा-तांबडा. त्यात पांढरा आणि फिकट पिवळा रंग सारखेच दिसतात, निळा तर काळाच वाटतो. कॅनव्हासही त्याच उजेडात ठेवला, तर तो उजेड रंगवायचं राहूनच जातं. कारण तो आयताच कॅनव्हासवर पडलेला असतो. दिवसा बघितलं तेव्हा पांढऱ्या भिंतीपुढे एक तांब्या होता, आणि पैठणी निळी झाली होती. काकू तेव्हा पहिल्यांदा हसल्या. आता नाना कॅनव्हासवर वेगळा छोटा दिवा लावतात आणि त्याचा उजेड टेबलावर जाऊ नये म्हणून मध्ये वर्तमानपत्र धरायला कुणीतरी लागतं. गुरुवारी मी असतो.

वर्तमानपत्र धरून धरून माझं बरंच शिक्षण झालं. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती आणि ते जलरंगातलं आहे. "त्यांनी पाण्यात केलं," नाना म्हणतात आणि हेतुपुरस्सर थांबतात. फ्रान्सचा जॉर्ज द ला तूर हे त्यांचं दुसरं दैवत. हा ज्योत बऱ्याचदा कुणाच्या तरी हाताआड ठेवायचा. नानांना हात काढता येत नाहीत, म्हणून ते अडकित्ता ठेवतात. ला तूर 1652 साली वारला, लोक त्याला विसरले आणि 1915 साली हेर्मान फोस नावाच्या जर्मन अभ्यासकाने त्याला पुन्हा उजेडात आणलं. अडीचशे वर्षं थांबायची नानांची तयारी आहे. काकूंना टेबल दिवाळीपर्यंत हवं आहे.

टीका नाना सोसतात. एकच प्रश्न त्यांना सोसत नाही, आणि येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता चित्राकडे बघून तोच विचारतो. तो मी वर शीर्षकात लिहिला आहे. आमच्या पिढीने भारनियमनात इतक्या मेणबत्त्या जाळल्या आहेत, की आम्हाला त्यात रेम्ब्रां दिसत नाही, वीजमंडळ दिसतं. यात नानांचा दोष नाही.

आमच्या वास्तुशांतीला त्यांनी आहेर म्हणून तांब्याचंच चित्र दिलं. टांगताना माझा अंगठा तांब्याच्या पोटावर टेकला आणि रंग निघून आला. मी गप्प बसलो. पुढे एक ड्रॉइंगचे मास्तर घरी आले होते. लांबून, जवळून बघून म्हणाले, बाकी ठीक आहे, पण तांब्यावरची ही चमक जमली आहे. नाना शेजारीच होते. ते अजून खूश आहेत.

तुमच्याकडेही असे कुणी नाना असतील आणि आहेरात चित्र आलं असेल, तर कडेला धरून टांगा. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. जाड थर असेल तर महिनोन्‌महिने ओला राहतो.