माइकसमोरची शिंक

येलदरीच्या धरणातून पूर्णेत पाणी सोडायचं असलं की आधी इशारा येतो. नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, गुरं पात्रात नेऊ नयेत, मोटारी वर काढून घ्याव्यात. मग दरवाजे उघडतात, तेही बेताबेताने. धरण १९६८ साली पूर्ण झालं; त्यामुळे विसर्ग म्हणजे काय, हे इकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. एवढी शिस्त अंगात मुरलेल्या मुलखात माणूस माइकसमोर उभा राहिला की बिनइशारा शिंकतो, याचं मला फार नवल वाटतं.

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा आमच्याकडे भाषणांचा आणि सर्दीचा एकच मुहूर्त. पावसाळा सरत आलेला, सकाळ ओली, आणि झेंडावंदनाला उघड्या मैदानात उभे राहिलेले वक्ते. १९४८ साली निजामाचं राज्य कसं गेलं हे सांगता सांगता वक्ता रझाकारांपाशी अडखळतो. डोळे अर्धे मिटतात. नाकपुड्या फुलतात. वरचा ओठ दातांवरून वर सरकतो. डावा हात खिशात रुमाल शोधू लागतो. तिथे चुन्याची डबी सापडते, किल्ली सापडते, खताच्या दुकानाची पावती सापडते. पहिल्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावतात. आणि मग लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून ती बाहेर पडते. जे भाषण ऐकायला आलेच नव्हते, त्यांनाही ऐकू जाते. खरं सांगायचं तर अख्ख्या भाषणातला तेवढाच भाग सगळ्या गावाला स्पष्ट कळतो.

पुढे वक्ता काय करतो? माइकवर दोन टिचक्या मारतो. म्हणजे दोष यंत्राचा.

बरं, शिंक दाबावी म्हटलं तर तेही धोक्याचं. इंग्लंडात लेस्टरच्या एका ३४ वर्षांच्या गड्याने नाक चिमटीत धरून, तोंड घट्ट मिटून शिंक आतच जिरवली. त्याचा घसाच आतून फाटला, बोलणं मुश्कील झालं आणि आठवडाभर दवाखान्यात नळीने जेवावं लागलं. २०१८ साली डॉक्टरांच्या नियतकालिकात ही हकिगत छापून आली. आपल्या वाग्भटाने तर न अडवण्याच्या तेरा वेगांत शिंक आणि खोकला दोन्ही आधीच घालून ठेवलेत. तेव्हा शिंकावं, खोकावं, त्यात लाज कसली? फक्त माइकपासून तोंड वळवावं आणि रुमाल नसला तर कोपराच्या आत शिंकावं. तळहातात मात्र नको, कारण भाषण संपल्यावर तोच हात पाहुण्यांच्या हातात जायचा असतो. कॉलरला लावायचा माइक असेल तर मात्र इलाज नाही. तुम्ही कुठेही वळा, तो तुमच्याबरोबर वळतो.

खोकल्याचं प्रकरण निराळं. शिंक येते, खोकला आणताही येतो. पूर्वी घरातला म्हातारा ओसरीवर पाय ठेवायच्या आधी खाकरायचा, म्हणजे आतल्या सुना डोक्यावर पदर घ्यायच्या. बिनबोलाचा निरोप होता तो. आता तेच खातं सभेच्या अध्यक्षांकडे आलंय. वक्ता लांबला की अध्यक्ष खोकतात. शहाणा वक्ता समजतो. आमच्याकडचा वक्ता म्हणतो, ‘अरे, आबांना पाणी द्या रे,’ आणि पुढच्या मुद्द्याला हात घालतो.

खोकल्याने माणसाला खालीही उतरवता येतं. ७ फेब्रुवारी २०१९ला दिल्लीच्या विज्ञान भवनात यमुनेच्या स्वच्छतेचा कार्यक्रम होता. मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल बोलायला उभे राहिले तसे श्रोत्यांतले काही जण मुद्दाम खोकू लागले. केजरीवालांचा खोकला तेव्हा देशभर माहीत होता. त्यासाठी २०१६ साली त्यांनी बंगळुरूत घशाची शस्त्रक्रियाही करून घेतली होती. मंचावर बसलेल्या नितीन गडकरींनी श्रोत्यांना शांत राहायला सांगितलं. विरोधी पक्षाचा असला तरी खोकणाऱ्या माणसाची टर उडवायची नाही, एवढं तरी नागपूरकडून घेण्यासारखं आहे. पुढे वर्षभराने, मार्च २०२०मध्ये करोना आला तेव्हा, देशात कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. जावयाने सासऱ्याला फोन केला तरी तेच. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

हा सगळा पेच वारकऱ्यांनी मात्र केव्हाच सोडवून टाकलाय. हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐन रंगात असताना महाराजांना ठसका लागतो. टाळकरी त्यांच्या तोंडाकडे बघत बसत नाहीत. मागचा एक जण ध्रुपद उचलतो, मृदंगावर थाप पडते, टाळांचा आवाज चढतो. महाराज तेवढ्यात पाठ फिरवतात, तांब्यातलं पाणी पितात, उपरण्याच्या टोकाने तोंड पुसतात आणि गजर ओसरायच्या आत पुन्हा आपल्या जागी येतात. श्रोत्यांना वाटतं, रंग चढला! माझ्या मते सार्वजनिक खोकल्याची याहून सभ्य व्यवस्था जगात कुठे नसेल. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ हे आम्ही उगाच म्हणत असू, पण या बाबतीत जर्मनीनेही येऊन बघावं. सभेतल्या वक्त्याच्या मागेही माणसं असतात, पण ती खुर्च्यांवर बसून मोबाइल चाळत असतात. वक्त्याला ठसका लागला तर एकाने टाळ्या सुरू करायला काय हरकत आहे? तेवढ्यात पाण्याचे दोन घोट होतात.

राहिला माइकवरचा स्पंज. तो कधी जवळून पाहिलाय? मूळचा रंग कोणता, ते मंडपवाल्यालाही सांगता येत नाही. मंगलाष्टकं, दहाव्याचं प्रवचन, प्रचारसभा, गणपतीतली संगीतखुर्ची, सगळं त्याच्यावरच झालेलं असतं. बोलणारे तो ओठांना लावून बोलतात, आणि आधीचा पाहुणा शिंकून गेलेला असतो. तेव्हा तमाम मंडपवाल्या भावांना हात जोडून विनंती: १७ सप्टेंबरच्या आधी तेवढा स्पंज साबणाने धुऊन, उन्हात वाळवून आणा. आणि नवा मिळत असेल तर नवाच आणा.