साठ हजारांची कोठडी, पाच हजारांची पाटी

करदात्याचा संताप मोठा हिशेबी असतो म्हणतात. बघू या.

फेब्रुवारी 2014. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो म्हणाले, राज्यातल्या दहा तुरुंगांत सरकारी खर्चाने कॉलेजचे वर्ग काढू. कैद्यामागे वर्षाला पाच हजार डॉलर. झालं! आमच्या पोरांनी कर्ज काढायचं आणि दरोडेखोरांनी फुकट पदवी मिरवायची? दोन महिन्यांच्या आत प्रस्ताव गुंडाळला गेला.

त्याच कैद्याला नुसतं कोंडून ठेवायला वर्षाला साठ हजार डॉलर लागत होते. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

बापाचा राग खोटा नाही. घर गहाण टाकून पोराला एमएसला धाडणाऱ्या आपल्याकडच्या बापाला विचारा. पण कैद्यांचा वर्ग बंद पडला म्हणून कुणाच्या पोराची फी एका डॉलरने तरी उतरली?

ही खोड जुनी. गरीब विद्यार्थ्यांना अमेरिकेचं केंद्र सरकार पेल ग्रँट देतं. 1994 च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने ती कैद्यांना बंद केली. कायदा सिनेटमध्ये रेटला बायडन यांनी, सही क्लिंटन यांची. कैद्यांवर त्यातले किती पैसे जात होते? एक टक्काही नाही. तुरुंगातली कॉलेजं मात्र पटापट मिटली.

बंदी उठवणाऱ्या कायद्यावर डिसेंबर 2020 मध्ये सही केली ट्रम्प यांनी. आता शोधा राजकारणातली तत्त्वं!

2013 मध्ये रँड या संस्थेने हिशेब मांडला होता. कैद्याच्या शिक्षणावर एक डॉलर घाला, त्याला पुन्हा कोंडण्याचे चार-पाच डॉलर तीन वर्षांत वाचतात. कोणती पतपेढी देते हो एवढं?

शिकायला बसतो तो मुळात सुधारायचं ठरवूनच बसतो, असं म्हणाल. असेलही. मग त्याच्याच तोंडावर दार का आपटायचं?

बार्ड कॉलेज न्यूयॉर्कच्या तुरुंगांत मुख्यतः देणग्यांवर वर्ग चालवतं. 2015 मध्ये तिथल्या कैद्यांनी वादविवादात हार्वर्डच्या संघाला हरवलं. इंटरनेट नाही, पुस्तक हवं तर तुरुंग प्रशासनाची परवानगी. वर बाजू मांडायची होती स्वतःला न पटणारी.

हार्वर्डवाल्यांकडे गूगल होतं.

आपण हसू नये. आपल्याही तुरुंगांत इग्नूची केंद्रं आहेत, पण आपल्याला बातमी आठवते ती 2018 ची : अरुण गवळी गांधीविचारांच्या परीक्षेत पहिला. आपण विनोद केले आणि पान उलटलं.

पेल ग्रँट कैद्यांसाठी पूर्णपणे खुली व्हायला 1 जुलै 2023 उजाडला. अमेरिकेच्या राज्य तुरुंगांतले शंभरातले पंचाण्णव कैदी कधी ना कधी सुटून बाहेर येतातच. मधल्या 29 वर्षांत असंख्य सुटले, बहुतेक आत गेले तसेच. त्यातले जे पुन्हा आत गेले, त्यांच्या कोठडीचेही हजारो डॉलर त्याच संतापलेल्या करदात्याने भरले.